दिवस मोजणारा माणूस

मी कविता लिहितो, हे आपल्यापैकी काही जणांना ठाऊक असेल. पण माझ्या हातून आयुष्यात सर्वांत जास्त लिहून झालं ते कवितेच्या वहीत नव्हे, हजेरीच्या मस्टरमध्ये. बी.ए. झाल्यावर मास्तरकी काही मिळेना, तेव्हा १९९२ साली नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. बसायचो कारखान्यात, पण कारखान्याचा नव्हतो. मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा कारकून होतो. सकाळी पावणेसातला गेटजवळच्या खिडकीत बसायचं आणि आत येणाऱ्या हेल्परांच्या नावापुढं खूण करायची. हजर असला तर 'पी', नसला तर 'ए'.

महिनाअखेरीला आणखी एक काम असायचं. कोणत्या नावाला सात महिने होत आले, त्याची यादी करायची. यादी कंत्राटदाराकडं गेली की दुसऱ्या दिवशी त्या नावावर लाल शाईची रेघ यायची आणि पुढं एक शब्द लिहायचा असे: ब्रेक. रेघ मारायचं कामही माझंच. पंधरा दिवस, महिनाभर तो माणूस घरी बसायचा. मग तोच माणूस, त्याच मशीनवर, नव्या नंबरानं पुन्हा रुजू व्हायचा. कधी त्याच कंत्राटदाराकडं, कधी त्याच्या मेहुण्याच्या नावावर काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये.

आज मला या ब्रेकविषयी बोलायचं आहे. कंत्राटी कामगाराला पगार कमी मिळतो हे सर्वांना दिसतं. पण त्याचं खरं नुकसान पगारात नाही, मोजणीत आहे. त्यानं केलेले दिवस कुणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत.

मुळात कंत्राटी कामगार म्हणजे कोण? साध्या नोकरीत दोघं असतात, मालक आणि नोकर. कंत्राटी पद्धतीत तिसरा येतो. काम करून घेणारा एक, पगार देणारा दुसरा आणि राबणारा तिसरा. कायद्याच्या भाषेत काम करून घेणाऱ्याला मुख्य मालक म्हणतात. पण कामगार त्याच्याकडं गेला की तो म्हणतो, कंत्राटदाराला विचार. कंत्राटदाराकडं गेला की तो म्हणतो, कंपनीनं बिल पास केलं नाही, मी तरी कुठून देऊ? या दोन दारांमध्ये माणूस हेलपाटे घालतो.

ही तऱ्हा काही कालची नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. तिथं 'बदली' कामगार होते. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला तर त्या दिवसापुरतं काम, नाही तर डबा घेऊन परत. वर्षानुवर्षं बदलीवर काढलेली माणसं होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो मोठा संप सुरू झाला, त्यात कायम कामगारांबरोबर हे बदली कामगारही होते. उसाच्या फडात मुकादम आहे, त्यानं दिलेली उचल आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागावरचा कारागीर मीटरावर राबतो. तिथं दिवसांचा हिशेब कुणी ठेवतच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं २४० या आकड्याला महत्त्व दिलं. मागच्या बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस भरले, त्याची एक वर्षाची सलग नोकरी झाली असं धरायचं. मग त्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यायची. महाराष्ट्रात अनेक वर्षं लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत तर आणखी पुढचं कलम होतं. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात तात्पुरत्या किंवा बदली कामगाराचे २४० दिवस भरले की त्याला कायम करावं, असं त्यात म्हटलं होतं. २४० दिवस म्हणजे ढोबळमानानं आठ महिने. म्हणून तर ब्रेक सातव्या महिन्यात.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. '२४० भरले की आपोआप परमनंट' असं वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर आजही ऐकू येतं. तसं नाही. ते स्थायी आदेश कारखान्याच्या स्वतःच्या पटावरच्या कामगाराला लागू पडत. कंत्राटदाराच्या पटावरचा माणूस कंपनीकडं आपले दिवस मागू गेला तर आधी प्रश्न येतो, तू नोकर कुणाचा? शिवाय १९८४ साली कायद्यात एक पोटकलम घालण्यात आलं. ठरावीक मुदतीच्या कराराची मुदत संपली आणि करार पुढं चालू ठेवला नाही, तर ती कपात समजायची नाही. म्हणजे माणसाला कामावरून काढलं असं होतच नाही. त्याची मुदत फक्त संपते.

एकट्या २४० चीच ही गोष्ट नाही. कामगाराचा जवळजवळ प्रत्येक हक्क दिवसांत नाही तर वर्षांत मोजलेला असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के मिळतो. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. १९७२ च्या कायद्यानं ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागे. भविष्य निर्वाह निधीबरोबरचं १९९५ च्या योजनेचं निवृत्तिवेतन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. ज्याचं घड्याळ दर सात महिन्यांनी शून्यावर आणलं जातं, तो यांतल्या किती उंबरठ्यांपर्यंत पोचणार?

मी ज्यांच्या नावावर रेघा मारल्या त्यांत एक अण्णा होते. दिंडोरीकडचे, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. जमीन होती थोडी, भावकीच्या वाटणीत गेली. प्रेसखालचे तापलेले तुकडे चिमट्यानं ओढून काढायचं त्यांचं काम. नऊ वर्षं त्यांनी ते एकच काम एकाच शेडमध्ये केलं. कागदावर मात्र ते चार कंत्राटदारांकडं कामाला होते आणि त्यांची सर्वांत लांब सलग नोकरी सात महिन्यांची होती.

१९९८ साली कंपनीनं कंत्राट बदललं. नवा कंत्राटदार आपली माणसं घेऊन आला. अण्णांना गेटवर अडवलं. तीन दिवसांनी ते माझ्या घरी आले. चहा घेतला, पण कप हातात धरूनच बसले. म्हणाले, "भाई, मस्टर तुमच्या हातचं आहे. माझे दिवस तुम्हाला ठाऊक. युनियनवाले म्हणतात, कोर्टात जायचं तर काही तरी कागद पाहिजे. एवढा एक कागद द्या."

मी म्हणालो, "अण्णा, असा कागद आपल्याकडं कुणाला देत नाहीत."

त्या वेळी ते मला खरंच वाटत होतं. पुढच्या महिन्यात माझीही नोकरी गेली; कंत्राटदारच गेला तर त्याचा कारकून कुठून राहणार? पुष्कळ वर्षांनी एका वकील मित्रानं मला १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालचे नियम दाखवले. त्यांत लिहिलेलं होतं. कामावर घेतल्यावर तीन दिवसांत कंत्राटदारानं कामगाराला नोकरीचं कार्ड द्यावं आणि काम सुटल्यावर, कारण कोणतंही असो, सेवेचा दाखला द्यावा. अण्णा भीक मागत नव्हते. जो कागद त्यांना न मागता मिळायला हवा होता, तोच ते मागत होते. बी.ए. झालेला, चार ओळी छापून येणारा मी सहा वर्षं त्या खिडकीत बसलो आणि मला तो नियम माहीत नव्हता.

हा १९७० चा कायदा वाईट नव्हता. नावातच कंत्राटी कामगार पद्धतीचं नियमन आणि निर्मूलन असे दोन शब्द होते. काम कायमस्वरूपाचं असेल तर त्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला होता. कंत्राटदारानं पगार थकवला तर तो मुख्य मालकानं द्यायचा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा, असं स्पष्ट कलम होतं. पगारवाटपाच्या वेळी मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर असावा, हेही होतं. पण कायदा लागू व्हायला किमान २० कंत्राटी कामगार लागत. त्यामुळं अठरा-एकोणीस जणांच्या टोळ्या पाडायच्या आणि प्रत्येक टोळीला वेगळा कंत्राटदार दाखवायचा, ही युक्ती लगेच निघाली. पुढं महाराष्ट्रानं ती मर्यादाच २० वरून ५० वर नेली.

न्यायालयांचे निकालही दोन्ही बाजूंनी गेले. सरकारनं एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद केली तर तिथले कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचे होतात, असं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल फिरवला. आपोआप काही होत नाही. कंत्राट हा निव्वळ देखावा होता हे कामगारानं सिद्ध करावं, तरच तो मालकाचा नोकर. आता सिद्ध करायचं म्हणजे कागद हवा. आणि कागद तर अण्णांच्या हातात कधी आलाच नाही.

सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या नोकरांना कायम करून घेण्याचा हक्क नाही, असं २००६ साली ठरलं. मात्र समान कामाला समान वेतन हे तत्त्व सरकारी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. २००६ च्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना नाडू नये, असं डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं बजावलं.

एक लढाई आपल्या मुंबईचीच सांगतो. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावं, असा निकाल औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ साली दिला. पालिका वर गेली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कामगार जिंकले. आणि त्यानंतरही कितीतरी जणांचं काम अडलं ते यादीतल्या आणि ओळखपत्रावरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक होता म्हणून. मला याचं नवल वाटलं नाही. घाईघाईत नावं कशी लिहिली जातात, हे मी त्या खिडकीत बसून पाहिलं आहे. कुणाचा 'शिंदे'चा 'शिंधे' व्हायचा, कुणाचा 'इब्राहिम'चा नुसता 'इमराम'. तेव्हा आम्ही त्यावर हसायचो.

आता कुणी म्हणेल, कारखानदाराची काही बाजू आहे की नाही? आहे. ऑर्डर वर्षभर सारखी नसते. मोटारींचा धंदा बसला की सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्याला एका रात्रीत पाळी कमी करावी लागते. ज्याला एकदा कायम केलं त्याला मंदीत कमी करणं अवघड, ही भीती खोटी नाही. धंद्यात जोखीम असणारच. प्रश्न एवढाच, की ती कुणी उचलायची? कंत्राटी पद्धतीत ती वरून खाली सरकत येते. मोठ्या कंपनीकडून छोट्या कंपनीकडं, तिथून कंत्राटदाराकडं आणि शेवटी ज्याच्याकडं दोन महिन्यांचं रेशनही साठवलेलं नाही त्याच्याकडं. शिवाय मंदी गेली तरी कंत्राट जात नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे पाहा. २००० च्या सुमारास नोंदणीकृत कारखान्यांतल्या दर पाच कामगारांत साधारण एक कंत्राटी होता. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण शंभरात चाळीसच्या वर गेलं आहे. ही सगळी माणसं काही वाढीव ऑर्डरीपुरती घेतलेली नाहीत.

आणि सरकार तरी वेगळं कुठं वागतं? नगरपालिका, सरकारी दवाखाने, वीज कंपन्या, कुठंही जा, खुर्चीतला माणूस कायम असतो आणि धावपळ करणारा कंत्राटी. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. स्पर्धा परीक्षेची मुलं रस्त्यावर उतरली, टीका झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. पण खात्या-खात्यांतलं कंत्राटी काम काही त्यानं थांबलं नाही.

घरात याचा अर्थ काय होतो? समजा, रोज ५०० रुपये आणि महिन्याला २६ हजऱ्या. झाले १३,०००. त्यातून १२ टक्के भविष्य निर्वाह निधीचे १,५६० आणि राज्य विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे ९८ रुपये वजा. हातात ११,३४२. वर्षात दोन ब्रेक मिळून दोन महिने घरी बसावं लागलं तर बाराही महिन्यांचा हिशेब महिना साडेनऊ हजारांच्या आत येतो. घरभाड्याला आणि शाळेच्या फीला ब्रेक नसतो. मग पहिल्यांदा भिशी मोडते. नंतर बायकोच्या गळ्यातली पोत सोनाराकडं जाते. बँक पगाराची पावती मागते, ती नाही म्हणून आठवड्याला हप्ता नेणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या गटात नाव घालावं लागतं. या सगळ्यात दारू नाही, जुगार नाही. फक्त दोन महिने काम नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यात सोयरीक जमवायला बसले की पूर्वी विचारत, मुलगा करतो काय? आता विचारतात, "लडका पक्का है के ठेके पे?" मराठी घरांत हेच विचारतात, "परमनंट आहे का?" बत्तीस-तेहतीस वर्षांची, कमावती, निर्व्यसनी मुलं या एका प्रश्नावर अडलेली मी पाहतो.

भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. ब्रेक पडला की घर चालवायला तीच रक्कम काढली जाते. चार-पाचदा असं झालं की म्हातारपणासाठी शिल्लक काही राहत नाही आणि निवृत्तिवेतनाला लागणारी दहा वर्षंही तुटतात. जो निधी म्हातारपणासाठी आहे, तोच कंत्राटी कामगाराचा बेकारी भत्ता होऊन बसतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. कामगारांचे पगार कापू नका, असा आदेश केंद्र सरकारनं २९ मार्चला काढला. पण पगार द्यायचा कुणी? कंपनी म्हणाली कंत्राटदारानं, कंत्राटदार म्हणाला कंपनीनं. मे महिन्यात तो आदेशही मागं घेतला गेला. तोवर माणसं चालू लागली होती. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रुळांवर झोपी गेलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. जालन्याला पोलादाच्या कारखान्यात राबणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडं निघाली होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांत विखुरलेल्या आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिल्या.

आता नवं काय ते सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कायदा त्यांत विरून गेला. यांत काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. काम सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. ज्याला मालक थेट मुदतीच्या करारावर घेतो, त्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कंत्राटदारानं पगार बुडवला तर मुख्य मालक जबाबदार, हे कायम आहे. आणि कामगारानं मागितल्यास कंत्राटदारानं अनुभवाचा दाखला द्यायचा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंत्राटी कामगारांविषयीचे हे नियम आता देशभर ५० कामगारांपासून पुढंच लागू होतात. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी आहे, पण साफसफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामं सर्वसाधारणपणे मुख्य कामात धरलेली नाहीत. म्हणजे जिथं कंत्राटी माणसं सर्वांत जास्त, तीच दारं उघडी. कामगार कपातीला सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागे, आता तीनशेच्या. ज्यानं त्यानं आपला हिशेब करावा.

मग यातून वाट आहे का? वाट महाराष्ट्रानंच एकदा काढली होती. हमालापेक्षा अस्थिर काम कोणतं? सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. त्याला कायम तरी कुणी करायचं? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. हमालाची नोंद मंडळाकडं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळानं कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस यांची सोय करायची. मालक दिवसातून तीनदा बदलला तरी मोजणी एकाच ठिकाणी. १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही असंच मंडळ उभं राहिलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून याच विचारासाठी आयुष्य वेचलं. माथाडीच्या नावावर पुढं खंडणी मागणाऱ्या बोगस टोळ्या झाल्या, मंडळांचे कारभार ढिले पडले, हे खरं आहे. पण दुरुस्त करायला निदान एक यंत्रणा तरी आहे.

कारखानदारांना मी नेहमी सांगतो की लवचीकपणा हवा तर घ्या. पण माणूस जाताना त्याचे दिवस त्याच्याबरोबर जाऊ द्या. कंत्राटदार बदलला तरी जुन्याच माणसाला पुढं घ्या, त्याची आधीची सेवा धरा. भविष्य निर्वाह निधीचा कायमचा एकच खाते क्रमांक २०१४ पासून आला आहे. जे पैशाच्या बाबतीत जमलं ते ग्रॅच्युइटीच्या आणि सेवेच्या बाबतीत जमायला हरकत नसावी.

आणि जे आज कंत्राटावर आहेत त्यांना हात जोडून सांगतो, आपले दिवस आपणच मोजा. नियुक्तिपत्र मागा. पगाराची पावती जपा, गेटपासाचा फोटो काढून ठेवा. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाइलवर दिसतं, ते दर महिन्याला उघडून पाहा. पगारातून कापलेली रक्कम तिथं दिसली नाही तर लगेच विचारा. आपलं नाव आधारकार्डावर आहे तसंच सगळीकडं आहे का, तेही बघा. ब्रेक पडला तरी निधी शक्यतो मोडू नका, नव्या ठिकाणी जोडून घ्या. काम सुटलं तर दाखला मागा. तो उपकार नाही.

अण्णा कोर्टात गेलेच नाहीत. गावाकडं परतले, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजानं जाऊ लागले. २०११ साली गेले. मी गेलो होतो. त्यांच्या मुलानं मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख सांगितली नाही.

माझा भाचा सध्या त्याच वसाहतीत एका गोदामात आहे, एजन्सीमार्फत. आता मस्टर नाही, यंत्रासमोर चेहरा धरावा लागतो. ब्रेकचा निरोप मोबाइलवर येतो. मागच्या ईदला तो घरी आला तेव्हा मी त्याला एक साधी दोनशे पानी वही दिली. म्हटलं, रोज तारीख, पाळी आणि सुपरवायझरचं नाव लिहीत जा. तो हसला. म्हणाला, "मामू, मशीनमध्ये सगळं असतं."

मी म्हटलं, मशीन कुणाचं आहे?

परवा त्यानं ती वही दाखवायला आणली. एकशे बारा दिवस भरले होते. अक्षर वाईट आहे, पण एकही दिवस सुटलेला नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)